आई-आप्पांना चॅट्सवर्थ हाऊस दाखवायचंय, पण आप्पांना महाल बघायचा कंटाळा आहे. काय करू?

मुक्काम_शेफील्ड

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आई आणि आप्पा पहिल्यांदाच इकडे इंग्लंडला येतायत, सहा आठवड्यांसाठी. ऑफिसमधले सगळे म्हणतात चॅट्सवर्थ दाखवलंच पाहिजे, आमच्या घरापासून तासाभरावर आहे आणि सांगायला लाज वाटते पण चार वर्षांत मी स्वतः एकदाही गेलो नाही. अडचण अशी की आप्पांनी आख्खं आयुष्य रावेर तालुक्यात केळी केली, त्यांना मागच्या दिवाळीत उदयपूर-जयपूर फिरवलं तर तिसऱ्या महालाला ते बाहेर पायरीवर बसून राहिले. म्हणे, "राजे गेले, खुर्च्या राहिल्या, त्या काय बघायच्या?" आईला मात्र सगळं बघायचं असतं, पण तिचे गुडघे साथ देत नाहीत.

तर सांगा, घर प्लस बाग असं पूर्ण तिकीट काढू की नुसत्या बागेचं? आमच्याकडे नॅशनल ट्रस्टचा (इथली जुनी घरं-बागा सांभाळणारी संस्था) फॅमिली पास आहे तो चालेल का? गाडी नाहीये. आणि दोघंही कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

पावसाळी_डर्बी

पास चालणार नाही, आधीच सांगते, कारण आम्ही तिथे काऊंटरवर जाऊन तोंडघशी पडलोय. चॅट्सवर्थ नॅशनल ट्रस्टचं नाही. १९८१ पासून एक वेगळी धर्मादाय संस्था ते चालवते, ड्यूकचं, म्हणजे तिथल्या सरदाराचं, कुटुंब अजून तिथेच राहतं आणि आपल्याच घराचं त्या संस्थेला भाडं भरतं. (हे ऐकून माझ्या सासूबाई दिवसभर हसत होत्या.)

गंमत म्हणजे तुमचा पास जवळच्याच हार्डविक हॉलला चालतो, आणि ते घरही आधी याच लोकांचं होतं. १९५० मध्ये दहावा ड्यूक अचानक गेला, इस्टेटीवर ८० टक्के वारसा कर बसला, तो फेडता फेडता जमिनी विकल्या, चित्रं दिली आणि हार्डविकही सरकारला देऊन टाकलं, तिथून ते ट्रस्टकडे आलं. म्हणजे एक घर वाचवायला दुसरं दिलं.

बस आहे, शेफील्डहून बेकवेलला जाणारी २१८, घराजवळ थांबते. रविवारचं टाईमटेबल वेगळं असतं ते बघून घ्या. घराच्या आत जिने भरपूर आहेत, लिफ्ट आहे पण आईंचं आत शिरतानाच स्टाफला सांगा, मग ते दुसऱ्या वाटेने नेतात. जेवणाचं म्हणाल तर जुन्या घोड्यांच्या पागेत कॅफे आहे, शाकाहारी म्हणजे जॅकेट पोटॅटो आणि बीन्स, बाकी केकमध्ये अंडं. त्यापेक्षा डबा न्या. बागेत बसून खाता येतं, कोणी काही म्हणत नाही. आम्ही तिथे गवतावर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्लीये आणि शेजारच्या बाईने रेसिपी विचारली.

कोरडा_घसा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. एवढे पाऊंड मोजून काय बघायचं, तर आपल्याकडून लुटून नेलेल्या पैशावर उभा राहिलेला थाट. आप्पांचंच बरोबर आहे, पायरीवर बसा आणि चहा प्या. पार्कात फिरणं फुकट आहे, नदीकाठाने चाला, हरणं बघा, घराचा फोटो पुलावरून काढा, झालं चॅट्सवर्थ.

जुनं_ते_सोनं_नव्हे

पार्क फुकट हे एकदम खरं. पण लुटीचं सगळीकडे सरसकट चिकटवू नका हो. हे घराणं कंपनी सरकारच्या कितीतरी आधीचं. या ड्यूकांचा पूर्वज सर विल्यम कॅव्हेंडिश राजा आठव्या हेन्रीच्या कारभारात होता, मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी खालसा करायच्या कामात, आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक, तिची चार लग्नं झाली आणि दर लग्नाला इस्टेट वाढली. १५४९ मध्ये दोघांनी चॅट्सवर्थ ६०० पाऊंडाला घेतलं. पुढचा पैसा जमिनीचा खंड, शिसं, तांबं, आयर्लंडमधली जमीन यातून. म्हणजे लुटलंच म्हणायचं तर आधी आपल्याच देशातल्या साधूंना आणि मग आयरिश कुळांना 😄

आपला संबंध नाहीच असं पण नाही. आठवा ड्यूक ड्यूक व्हायच्या आधी १८८० ते ८२ भारतमंत्री होता. आणि १८३५ मध्ये इथल्या बागेतला गिब्सन नावाचा एक तरुण माळी कलकत्त्याला पाठवला होता, तिथून तो पार खासी टेकड्यांत चेरापुंजीकडे गेला आणि पेट्या भरभरून ऑर्किड घेऊन परत आला. याला लूट म्हणायचं की नर्सरी, ते तुम्ही ठरवा.

हां, आणि नाव ड्यूक ऑफ डेव्हनशर, राहणार डर्बीशरला. मला हे आजतागायत पटलेलं नाही.

पाचोऱ्याची_पोर

थांबा थांबा, केळीवाल्या आप्पांना चॅट्सवर्थला नेताय आणि एवढ्या लोकांत कोणीच मुद्द्याचं बोललं नाही?? अहो आप्पांच्या शेतातली केळी याच घराच्या नावाची आहे!

जी-नाईन ही केळीची जात म्हणजे ग्रँड नैन, ती कॅव्हेंडिश गटातली. त्याआधी आपल्याकडे घरोघरी होती ती बसराई, तीपण कॅव्हेंडिशच, बुटकी. आणि कॅव्हेंडिश हे या ड्यूकांचं आडनाव. झालं असं की सहाव्या ड्यूकने १८२६ मध्ये जोसेफ पॅक्स्टन नावाचा पोरगा मुख्य माळी म्हणून ठेवला, वय २२ फक्त. त्यानेच लिहून ठेवलंय की तो पहाटे साडेचारला पोचला, गेट बंद, तर गेटवरून चढून आत, सगळी बाग पालथी घातली, सहा वाजता गडी कामाला लावले, मग कारंजी चालू करायला लावली, आणि नाश्त्याला हाऊसकीपरच्या भाचीच्या प्रेमात पडला. नऊच्या आत हे सगळं. पुढच्या वर्षी लग्नही केलं.

तर या पॅक्स्टनने मूळची चीनकडची, मॉरिशसवरून इंग्लंडात आलेली केळीची एक जात मिळवली आणि इथल्या थंडीत, काचेच्या घरात कोळसा जाळून ऊब देऊन वाढवली. १८३५ च्या नोव्हेंबरात ती निसवली, म्हणजे फुलोरा आला. मालकाचं नाव दिलं, मुसा कॅव्हेंडिशी. मग ड्यूकने जॉन विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याबरोबर तिची रोपं सामोआला धाडली, आणि तिथून ती पॅसिफिकच्या बेटांवर पसरली. शंभरेक वर्षं तिला बाजारात कोणी फार विचारत नव्हतं, तेव्हा परदेशात ग्रो मिशेल नावाची केळी चालायची, ती पनामा म्हणजे आपल्या मर रोगाने १९५० च्या दशकात संपली आणि कॅव्हेंडिशला मर लागला नाही म्हणून सगळीकडे तीच लागली. आता तिलाही लागणारा नवा मर आलाय, टीआर-फोर, पण ते आप्पांना सांगू नका, सुट्टीवर येतायत बिचारे.

बागेत काचेचं घर आहे, त्याच्या गरम भागात केळी असते. ते दरवेळी लोकांसाठी उघडं नसतं, आधी विचारून जा. आणि हो, पॅक्स्टनचं मूळचं प्रचंड काचघर शोधू नका, ज्याच्या आतून घोडागाडी जायची ते. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं मेली आणि १९२० मध्ये सुरुंग लावून पाडलं. त्या जागेवर आता झुडपांचं मेझ, म्हणजे भूलभुलैया आहे.

मुक्काम_शेफील्ड

काय सांगताय!! बसराई म्हणजे कॅव्हेंडिश?? मी बसराईच्या बागेत लहानाचा मोठा झालो भो, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आप्पांना मुद्दाम काहीच बोलत नाही आता. नुसत्या बागेचं तिकीट काढतो, आईला वाटलं तर घराचं बघू.

पावसाळी_डर्बी

मग एम्परर फाऊंटन हे कारंजं नक्की दाखवा, शेतकऱ्याला ते समजेल, आमच्या आयटीवाल्या नवऱ्याला नाही समजलं. वारा जोरात असला की बंद ठेवतात, त्यामुळे शांत हवेचा दिवस निवडा. कॅस्केड म्हणून उतारावर पाण्याच्या पायऱ्या आहेत, २४ टप्पे, प्रत्येकाची रुंदी-उंची वेगळी म्हणून आवाजही वेगवेगळा. ते मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद होतं, वेबसाईटवर बघून जा, नाहीतर कोरड्या पायऱ्या बघाल.

मुक्काम_शेफील्ड

अपडेट द्यायला उशीर झाला, आई-आप्पा परत गेले मागच्या आठवड्यात.

मंगळवारी गेलो होतो, ऊन होतं, वारा नव्हता. आईने दारातच जाहीर केलं की एवढ्या लांब येऊन घर बघणार नाही असं होणार नाही, म्हणून मी तिच्याबरोबर आत आणि आप्पा बाहेर. आतलं एकच सांगतो, वरच्या मजल्यावर एका अर्धवट उघड्या दारामागे दुसऱ्या दारावर व्हायोलिन लटकवलेलं दिसतं, आई म्हणाली धूळ बसत असेल त्याच्यावर, आणि ते चित्र आहे! नुसता रंग. दोन-तीनदा डोकं इकडून तिकडून केलं तरी खुंटीची सावली खरीच वाटते. तिथल्या स्टाफच्या बाईने सांगितलं १७२३ च्या सुमाराचं आहे. आईने तिला मराठीत "छान हं" म्हटलं आणि तिला ते बरोबर कळलं.

बाहेर आलो तर आप्पा कारंज्यापाशी उभे. पाटी मला वाचायला लावली. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये पॅक्स्टनने हे बांधलं, वर माळावर साडेतीनशे फूट उंचीवर तळं खोदलं, तिथून पाईप खाली, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर पाणी उडतं, पूर्ण सोडलं तर ९० मीटरच्या आसपास जायचं. आणि झार आलाच नाही. आप्पा म्हणाले, "मोटर नाही? लाईट बिल नाही?" मग दहा मिनिटं पाईप किती इंची असेल यावर चर्चा. आमच्याकडे रात्री तीनला थ्री फेज येते म्हणून उठणारा माणूस तो, त्याला बाकीचं सोनंनाणं फिकं.

केळी दिसली. मी विचारलं तर तिथल्या माळ्याने दार उघडून दोन मिनिटं आत घेतलं. मी मोठ्या थाटात आप्पांना सगळी गोष्ट सांगितली, कॅव्हेंडिश, बसराई, सामोआ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, खोडाला हात लावला, बुडाशी वाकून बघितलं आणि म्हणाले, "पिलं काढलेली नाहीत. चार-पाच पिलं अशीच वाढवलीत, घड कसा भरेल?" मला म्हणाले सांग त्याला. आता पिलाला, म्हणजे बुडाशी फुटणाऱ्या कोंबाला, इंग्रजीत काय म्हणतात ते मलाच वेळेवर आठवेना, हाताने दाखवलं. तो माळी हसला, म्हणाला इथे घड भरायची घाई नाही. आप्पांना भाषांतर करून सांगितलं तर त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

बसमध्ये बसल्यावर बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "त्या माळ्याला महिना किती मिळतो?"

कोरडा_घसा

मी म्हटलं नव्हतं पायरीवर बसा? कारंज्यापाशी उभे राहिले, चालतंय. पण चहा प्यायला की नाही ते लिहिलंच नाही.

मुक्काम_शेफील्ड

प्यायला. दूध वेगळं दिलं म्हणून परत पाठवला 😂