कोल्हापुरात ऑक्टोबरात स्टाउट? कुणाचा शरद हा?

पेठेतला_म्हातारा
काल एका ओळखीच्या हौशी माणसानं फोटो टाकला. काळीभोर स्टाउट बियर, शेजारी वाळकी पानं, आणि खाली लिहिलंय, ‘शरद आला! पिवळ्या लागर बियरला रामराम, आता गडद क्राफ्ट बियरचे दिवस. स्वेटर काढा.’ फोटो राजारामपुरीतल्या गच्चीवरचा, भर दुपारचा. ती पानं कुठनं पैदा केली देव जाणे. आपल्याकडं आश्विनात झाडं पावसानं हिरवीगार असतात, पानगळ शिमग्याच्या तोंडावर.

तिकडच्या लोकांना कारण तरी आहे. बव्हेरियात १५५३ च्या फर्मानानं २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बियर बनवायलाच बंदी घातली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. म्हणजे त्यांचा गळीत हंगामच सप्टेंबरअखेर सुरू. आपल्याकडं नवरात्रात निम्मं गाव उपवासाला, आणि परतीचा पाऊस सरला की घामाच्या धारा. अशात भाजक्या माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, ते जड पाणी कशाला? गार लागर घ्या, नाहीतर गप ताक प्या.

माल्टोबा
म्हातारबा, जड कोण म्हणालं? रंग बघून वजन करता होय? गिनेस ड्राफ्ट ही आयर्लंडची स्टाउट, तिच्यात दारू ४.२ टक्केच असते. तुमच्या पेठेत उन्हातान्हात ज्या ‘स्ट्राँग’च्या बाटल्या रिचवतात त्या ८ टक्क्यांपर्यंत जातात, त्या तेवढ्या हलक्या व्हय?

काळा रंग भाजलेलं धान्य थोडंसं घातलं तरी येतो. १८१७ साली डॅनियल व्हीलरनं माल्ट भाजायच्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून चिमूटभर काळ्या माल्टवर पोर्टरचं, म्हणजे स्टाउटच्याच जातीतल्या गडद बियरचं, भागायला लागलं. आणि गरम हवेचं म्हणाल तर नायजेरियात गिनेसचा कारखाना १९६२ पासून आहे. जमैकात, श्रीलंकेत लोक स्टाउट आवडीनं पितात. लागोसमध्ये कोण स्वेटर घालतंय?

रंकाळा_रिटर्न
माल्टोबा, लागोसमध्ये जी खपते ती गिनेसचीच ७.५ टक्क्यांची फॉरेन एक्स्ट्रा. ४.२ वाली नव्हे. आकडा एका बाटलीचा, देश दुसऱ्या बाटलीचा. वकिली शिकलायस का कुठं?

माल्टोबा
बरं, ७.५. मग तर माझंच म्हणणं आणखी पक्कं झालं की. एवढी दणकट स्टाउट तिथल्या उकाड्यात चालते, आणि तुम्हाला कोल्हापूरच्या ऑक्टोबरात ४.२ ची झेपंना.

गगनबावडा_एक्सप्रेस
दोघंही चुकताय. इकडं गडद बियरचा खरा महिना जुलै. बाहेर पाऊस धो धो, पोरं कांदाभजी तळायलीत, कपडे तीन दिवस वाळंनात. तेव्हा पोर्टर घ्यायची. ऑक्टोबर हा काय महिना आहे का? ना धड ऊन, ना धड थंडी.

तिखटजाळ_ताई
मला हंगामाशी देणंघेणं नाही, माझं दुखणं वेगळं आहे. गेल्या वर्षी एका हॉटेलात कौतुकानं स्टाउट मागवली. वेटरनं फ्रीझरमधला ग्लास आणला, आतनं बर्फाचा पापुद्रा धरलेला. त्यात ओतली आणि वर विचारतो, ‘मॅडम, बर्फ घालू?’ वासच नाही तर पिऊ काय? दहा-बारा अंशांवर दिली की कॉफी, कोको, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं काहीतरी नाकाला लागतं. आणि शेजारच्या टेबलावरचे काका माझ्याकडं असं बघत होते, जणू मीच ती गाळून आणलीय.

पेठेतला_म्हातारा
बघा, म्हणजे ती गार करूनसुद्धा प्यायची नाही! आमच्या घामाचं मग काय करायचं, ताई?

तिखटजाळ_ताई
अण्णा, घामासाठी पंखा असतो.

शिरोळचा_बापू
पुण्यात एकदा ‘कोल्हापुरी गुळाची स्टाउट’ म्हणून घेतली. गोडी औषधाला नाही. नाव आमच्या गुळाचं आणि चव कोळशाची. पैसे मात्र मटणाच्या ताटाचे.

माल्टोबा
बापू, गूळ घातला म्हणून बियर गोड होत नसते. गुळातली साखर यीस्ट जवळजवळ सगळी फस्त करतं. दारूचा टक्का वाढतो आणि बियर उलट पातळ, कोरडी होते. गोडी हवी असली तर लॅक्टोज घालतात, दुधातली साखर. ती यीस्टला पचत नाही, म्हणून उरते. तीच मिल्क स्टाउट.

गुऱ्हाळकर
आधी तो गूळ कसला होता ते विचारा. २०१४ ला आमच्या गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यावर सगळे नाव विकायलेत. निम्म्या ठिकाणी काहिलीत उसाच्या रसाबरोबर साखरेची पोती रिकामी होतात.

आमच्याकडं या एकदा. रस उकळायला लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतो, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत बसायचं. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत गोळी करून बघतो, मग काहील उतरवायची. एवढं करून गुळाचा रवा, म्हणजे ढेप, निघतो तपकिरी. सौद्यात गेलं की व्यापारी नाक मुरडतो, ‘काळा हाय.’ शेजारच्यानं हायड्रोस, ते रंग उडवायचं रसायन, मारून पिवळाधमक केलेला असतो, भाव त्याला.

रंकाळा_रिटर्न
दादा, इथं विषय बियरचा चाललाय.

गुऱ्हाळकर
बियरचा विषय तुमचा. माझ्या उसाचं बिल थकलं तेव्हा कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. गूळ निघाला की मात्र सगळ्यांना स्टाउट आठवतीय.

तिखटजाळ_ताई
बोलू द्या त्यांना. बियरपेक्षा हे कामाचं आहे. माझ्या सासूबाई अजून दुकानात ‘पिवळा दाखव’ म्हणूनच गूळ मागतात.

पेठेतला_म्हातारा
आमच्याकडंही पिवळाच आणतात. पोळीला रंग चांगला येतो.

माल्टोबा
सापडले! गूळ पिवळा, बियर पिवळी. म्हातारबा, तुमचं भांडण हवामानाशी नाहीच, काळ्या रंगाशी आहे. गुऱ्हाळकरांचं नुकसान करणारं गिऱ्हाईक ते तुम्हीच.

पेठेतला_म्हातारा
जिभेला हाड आहे का तुझ्या? तुझ्या जन्माआधीपासून शाहू मार्केट यार्डात रवे बघतोय मी. उगीच शहाणपणा शिकवायचा नाही.

गुऱ्हाळकर
अण्णा, चिडू नका, पण खरं बोलला तो.

गगनबावडा_एक्सप्रेस
बरं, तांबड्या रश्शाबरोबर स्टाउट कोण पितं का? खरंच विचारतोय.

तिखटजाळ_ताई
नको. भाजक्या कडवटपणानं तिखट आणखी चढतं. सुक्क्याबरोबर जमते, मटणाचा करपलेला कांदा-खोबऱ्याचा मसाला आणि भाजका माल्ट एकमेकांना ओळखतात. पांढऱ्याला तर बियरच नको, त्याला हात जोडा.

रंकाळा_रिटर्न
ताईंचं पटलं. पहिल्यांदाच या धाग्यात कुणी पिऊन बोललंय.

पेठेतला_म्हातारा
ठीक आहे. सुक्क्याबरोबर, डिसेंबरात, बारा अंशांवर, आणि माल्टोबाच्या खर्चानं. एवढ्या अटी पाळल्या तर एक घोट घेईन. वाळकी पानं मात्र शेजारी ठेवायची नाहीत.

माल्टोबा
डिसेंबरात? तेव्हा मी लागर पिणार आहे. हंगाम मानतोय कोण?

गुऱ्हाळकर
तपकिरी गूळ कुणाला पाहिजे असला तर कार्तिकात सांगा. उधारी नाही.