ईटीव्ही मराठी बंद पडलं, की त्याचंच कलर्स मराठी झालं?

इंदिरानगरवाली

मंडळी, प्रश्न क्षुल्लक आहे, पण त्यावरून रविवारी आमच्याकडे मिसळ गार झाली.

आई ७६ वर्षांची. रोज संध्याकाळी म्हणते, ‘ईटीव्ही लाव.’ मी कलर्स मराठी लावते, ती बघत बसते. इतकी वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. परवा भाऊ पुण्याहून आला आणि तिला समजावायला बसला, की अगं ईटीव्ही कधीच बंद पडलं, हे दुसरंच चॅनेल आहे. आई म्हणाली, बंद पडलं असतं तर तुकारामांची मालिका मध्येच तुटली असती, मी तर ‘तू माझा सांगाती’ ईटीव्हीवर सुरू केली आणि शेवटपर्यंत पाहिली. यावर भावाचं म्हणणं, मग हैदराबादला मी ईटीव्हीची भली मोठी पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली ती काय होती?

यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

जुनं कपाट आवरताना खणात अंथरलेला एक कागद सापडला. आम्ही नाशिकच्या सिडकोत राणाप्रताप चौकाजवळ राहायचो तेव्हाचा. केबलवाल्याने बॉलपेनने लिहून दिलेली चॅनेलांची यादी. पाचवर अल्फा, सातवर ‘ई टीव्ही’. एवढाच पुरावा. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा.

गोदाकाठचा

एकच चॅनेल. ९ जुलै २००० ला ईटीव्ही मराठी सुरू झालं, २२ मार्च २०१५ पासून कलर्स मराठी. अल्फाचं झी मराठी झालं तसंच, नुसती पाटी बदलली. आई बरोबर, भाऊ चूक. विषय संपला.

माजी केबलवाला, सिडको

तारखा बरोबर आहेत दादा, पण ‘अल्फासारखंच’ म्हणालात तिथे गडबड आहे.

मी १९९४ ते २०१९ पवननगर भागात केबल चालवली. गच्चीवर डिश, खाली पत्र्याच्या खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटरची रांग, आणि ते तापतात म्हणून एक टेबलफॅन, जो मला कधी मिळाला नाही. ही दोन्ही नामांतरं मी त्या धंद्यात असतानाच झाली.

अल्फा १५ ऑगस्ट १९९९ ला आलं तेच मुळी झीच्या घरात. अल्फा मराठी, अल्फा बांगला, अल्फा पंजाबी, अल्फा गुजराती अशी ती भावंडं. मार्च २००५ मध्ये अल्फा मराठीचं झी मराठी झालं, भावंडांनाही झीचं नाव लागलं. मालक तोच, मालिका त्याच. घरी बाळ्या म्हणायचे, शाळेत बाळकृष्ण लिहिलं, इतकाच फरक.

ईटीव्हीचं तसं नाही. तिथे घर विकलं गेलं.

आधी ते घर कुणाचं होतं ते सांगतो. ‘ई’ म्हणजे काय, असं गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा मी बिनधास्त ‘एंटरटेनमेंट’ म्हणून ठोकून द्यायचो. तो ‘ई’ ईनाडूचा. रामोजी रावांनी १९७४ ला विशाखापट्टणममधून काढलेलं तेलुगू वर्तमानपत्र ते. १९९५ ला त्यांनी तेलुगू ईटीव्ही काढलं, आणि मग मराठी, कन्नड, बांगला असं एकेका भाषेत पाऊल टाकलं. सगळा कारभार हैदराबादेजवळच्या रामोजी फिल्म सिटीतून. मराठी माणसाच्या घरात रोज संध्याकाळी लागणारं चॅनेल तेलुगू पेपरवाल्याचं होतं, आणि हे आमच्या गल्लीत कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं.

मी स्वतः ते सुरुवातीला शेपटाला टाकलं होतं. नव्या लोकांना हे कळणार नाही म्हणून सांगतो. तेव्हा सिडकोत निम्म्या घरांत आठ नाहीतर बारा बटणांचे टीव्ही. पुढच्या बँडवरची चॅनेलं त्यांच्यावर लागायचीच नाहीत. त्यामुळे कोणतं चॅनेल पहिल्या बारात बसवायचं हे आम्ही ठरवायचो, आणि खरं सांगायचं तर तेवढीच आमची सत्ता. ईटीव्ही मी मागे ठेवलं होतं, कारण मराठी म्हणून अल्फा पुढे होतंच.

मग २००१ ला ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड. महिन्याभरात बायका खोलीशी यायला लागल्या. ‘आमच्या टीव्हीवर ते दिसत नाही.’ एक मावशी तर म्हणाल्या, पुढे आणाल तेव्हा पैसे न्या. आणि खरंच दोन महिने दिले नाहीत. शेवटी मी सातवरचं गाण्यांचं चॅनेल उचलून मागे टाकलं आणि तिथे ईटीव्ही बसवलं. पोरं चिडली, पण पैसे पोरं देत नव्हती. ती मालिका पुढे २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. लोडशेडिंगच्या दिवसांत तिने माझा जीव खाल्ला. तुमच्या घरात वीज असायची, पण खांबावरचा अँप्लिफायर शेजारच्या फीडरवर असला आणि तिथली वीज गेली की तुमचं चित्र गेलं. हे फोनवर समजावून सांगेपर्यंत सून घराबाहेर पडलेली असायची. मालिकेतली म्हणतोय.

दुसरी गोष्ट बातम्या. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला सरदार चौकाकडे चेंगराचेंगरी झाली, ३९ माणसं गेली. गावात ज्याचं त्याचं कुणी ना कुणी गंगेवर गेलेलं. मला दिवसभर एकच फोन, ‘कशावर दाखवतायत?’ चोवीस तास मराठी बातम्या देणारं चॅनेल तेव्हा नव्हतंच. झी २४ तास २००७ ला आलं, स्टार माझाही त्याच वर्षी. म्हणजे मराठीत सह्याद्री, अल्फा आणि ईटीव्हीची बातमीपत्रं, एवढीच सोय. त्यातही ईटीव्हीवाले तालुक्याचं नाव घ्यायचे. कळवणचा कांदा, सिन्नरचं पाणी, येवल्यातली मारामारी. आपल्या तालुक्याचं नाव टीव्हीवर ऐकायला लोक थांबायचे. माझा मेहुणा निफाडचा, तो द्राक्षाच्या गारपिटीची बातमी बघायला सिडकोत येऊन बसला होता, कारण त्यांच्याकडे वीज नव्हती.

आता विक्रीचं. जानेवारी २०१२ मध्ये नेटवर्क१८ च्या टीव्ही१८ कंपनीने सौदा जाहीर केला, पुरा झाला जानेवारी २०१४ ला. रक्कम २०५३ कोटी. त्यात ईटीव्हीची हिंदी-उर्दू बातम्यांची चॅनेलं पूर्ण गेली, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती आणि ओडिया या पाच करमणुकीच्या चॅनेलांचा निम्मा हिस्सा गेला. तेलुगूतला मात्र फक्त साडेचोवीस टक्के. तेलुगू ईटीव्ही रामोजींच्या घरातच राहिलं आणि नावही तिथेच राहिलं. तुमच्या भावाने पाटी बघितली ती त्याची. ती खरी आहे. २०१५ मध्ये या पाचही चॅनेलांना नव्या घराचं कलर्स हे नाव लागलं.

म्हणजे ताई, भाऊही अगदीच चूक नाही. परवान्याने बघाल तर एकच चॅनेल, मालिकाही तुटल्या नाहीत. पण माझ्या खोलीतून विचाराल तर ईटीव्ही २०१५ ला गेलं नाही, त्याच्या आधीच पातळ होत गेलं. बातम्यांची चॅनेलं आल्यावर बातमीपत्राला कोण विचारतो? जानेवारी २०१३ ला ‘चार दिवस’ संपली. त्याच वर्षी ‘कोण होईल मराठी करोडपती’ आलं, सचिन खेडेकरांचं. चांगलं होतं, मी बघायचो, पण तो कार्यक्रम कुठल्याही भाषेत, कुठल्याही चॅनेलवर चालला असता. नाव ईटीव्ही, चाल मात्र पुढची. २०१८ ला ‘बिग बॉस मराठी’ आलं तेव्हा मला काहीच नवल वाटलं नाही.

आणि नाव बदललं त्या दिवशी मी काय केलं? काही नाही. २००५ ला निदान आमच्या लोकल चॅनेलवर खाली पट्टी फिरवली होती, ‘अल्फा मराठी आता झी मराठी’, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फ्लॅट विकणे आहेच्या मधे. २०१५ पर्यंत सगळं डिजिटल. देशातल्या ज्या ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत होती त्यात नाशिक होतं, त्यामुळे प्रत्येक घरात सेट टॉप बॉक्स आणि यादी वरच्या कंपनीच्या ताब्यात. कोणतं चॅनेल सातवर हे ठरवणारा मी, माझ्याच गिऱ्हाइकाला नंबर विचारायला लागलो. फोन भरपूर आले, ‘काका, ईटीव्ही गेलं का?’ मी म्हणायचो, गेलं नाही, रंग दिलाय.

स्टार माझाचं २०१२ ला एबीपी माझा झालं ती आणखी तिसरीच तऱ्हा. तिथे भागीदार वेगळे झाले आणि ‘स्टार’ नाव ज्याचं त्याच्याकडे परत गेलं. पण ते राहू द्या, हात दुखला.

देवगिरीने गेलेली

काकांचा प्रतिसाद वाचून लिहायचा मोह झाला. मी २००२ ते २००५ ईटीव्ही मराठीच्या बातमी डेस्कवर होते, रामोजी फिल्म सिटीत. नाशिकरोडहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची आणि सिकंदराबादला उतरायचं. शहरापासून फिल्म सिटी तीसेक किलोमीटर, कंपनीच्या बसने जायचं. सेट बघायला आलेले पर्यटक वाटेत आमच्याकडेही कुतूहलाने बघायचे, आम्हीही कुठल्या तरी सिनेमातले असू म्हणून.

काका म्हणतात तो तालुक्याचा वास खरा, पण तो आमच्याकडे जिल्ह्यातल्या वार्ताहरांकडून यायचा. डेस्कवर लातूरचा, अकोल्याचा, सावंतवाडीचा अशी सगळी पोरं एकत्र. एका पावसाळ्यात मी नाशिकची बातमी लिहिली, ‘गंगेला पूर, पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत.’ वरिष्ठांनी विचारलं, उत्तर प्रदेशातला पूर आपण कशाला घेतोय, आणि हा मारुती कोण? नाशिकला गोदावरीला गंगा म्हणतात आणि पूर त्या मारुतीवर मोजतात, हे हैदराबादेत बसून समजावताना मला हसू आवरेना. शेवटी ‘गोदावरीला पूर’ असं गेलं. मारुती राहिला, पण त्याच्यापुढे एक वाक्य स्पष्टीकरणाचं जोडावं लागलं.

म्हणून काकांशी थोडी असहमत. ‘आपलं’ चॅनेल नंतर परकं झालं असं नाही. ते पहिल्यापासून परगावी राहूनच आपलं होतं. सांबार खाऊन आम्ही पिठलं-भाकरीच्या बातम्या लिहायचो.

इंदिरानगरवाली

सगळ्यांचे आभार. दोन्ही प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. भावाला व्हॉट्सॲपवर पाठवले, त्याने फक्त अंगठा दाखवला.

आईचं उत्तर जसंच्या तसं देते: ‘ते कलर्स आहे हे मला काय दिसत नाही का? कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मी गंगेवर जाऊन येते म्हटलं की तू हरिद्वारचं तिकीट काढतेस का?’ मारुतीची गोष्ट ऐकून मात्र खूप हसली.

काका, एक शेवटचं. भाऊ आता म्हणतोय की स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचा मालकही एकच झालाय. खरं का? आणि तो कपाटातला कागद तुमचा तर नाही?

माजी केबलवाला, सिडको

खरं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सचं वायकॉम१८, म्हणजे कलर्सचं घर, आणि डिस्नेचं स्टार एकत्र आलं, जिओस्टार. स्टार प्रवाह २००८ ला आलं तेव्हा आम्ही अल्फा, म्हणजे झी, पुढे की प्रवाह पुढे यावरून भांडणं सोडवली. आता प्रवाह आणि कलर्स एका घरात, झी वेगळं. मावशींना सांगू नका, नाहीतर दोन्हींचे वेगळे पैसे कशाला म्हणून विचारतील, आणि ते मलाही सांगता येणार नाही.

कागद माझा नाही. राणाप्रताप चौक दुसऱ्याकडे होता. पण अल्फा पाच आणि ईटीव्ही सात हा क्रम माझा, त्याने उचललेला. तेव्हाही मी त्याला तोंडावर हेच म्हणालो होतो.