ब्रुनोचा विमा काढावा का? (सोसायटी ग्रुप, लातूर, रविवार सकाळ)

प्रज्ञा, ब-२०३: सगळ्यांना नमस्कार. पाण्याचा विषय नाही, घाबरू नका. आमच्या ब्रुनोचा विमा काढावा का, असं डोक्यात चाललंय. गेल्या महिन्यात गोचीडताप झाला तेव्हा रक्ततपासण्या, सलाईन, गोळ्या मिळून ६,८०० गेले. परवा मोबाईलवर जाहिरात दिसली, नंबर टाकला तर पाच मिनिटांत फोन. वर्षाला ३,९०० हप्ता, ५०,००० पर्यंतचा खर्च मिळणार म्हणे. ब्रुनो आता तीन वर्षांचा आहे. कुणी काढलाय का असा?

देशमुख काका, अ-१०१: कुत्र्याचा विमा? इथं सोयाबीनचा मिळेना गेलाय.

राहुल, क-४०२: काका सकाळी सकाळी फॉर्मात.

बिराजदार मामा, अ-२०४: (व्हॉइस मेसेज, १ मिनिट ४२ सेकंद)

कुलकर्णी सर, सचिव: मामा, व्हॉइस नको, लिहा. अर्धी सोसायटी झोपलीय.

बिराजदार मामा: लिहितो. चष्मा आनू द्या.

देशमुख काका: प्रज्ञा, चेष्टा नाही करत. २०२३ ला एक रुपयात पीक विमा आला, अख्ख्या गावानं भरला. नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, फोटो टाकायचा. आमचं वावर असं की पाऊस उघडल्यावर तीन दिवस आत पाय घालता येत नाही, गुडघाभर चिखल. बांधावरून फोटो काढला तर म्हणले पीक दिसत नाही. २०२५ च्या खरिपापासून तो रुपयाही गेला, आता सोयाबीनला २ टक्के भरा. म्हणून सांगतो, हप्ता किती ते शेवटी बघ. कळवायचं कधी, कुणाला आणि कशानं, ते आधी वाच.

बिराजदार मामा: आमची म्हैस होती विम्याची. कानात बिल्ला. तारंत कान अडकला आन बिल्ला पडला. म्हनलं बघू नंतर. दोन महिन्यानं म्हैस गेली. डॉक्टरनं पोस्टमार्टम केलं, पंचनामा झाला, समदं झालं. ते म्हनले बिल्ला कुठाय. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. ब्रुनोच्या कानात बिल्ला मारनार का?

ओंकार, ब-५०१: कुत्र्याला बिल्ला नसतो मामा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप कातडीखाली टोचतात, यंत्र फिरवलं की नंबर दिसतो. काही कंपन्या चिप असेल तर हप्त्यात सूट देतात, काहींचं फोटोवर भागतं. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. मेला किंवा आजारी पडला तो हाच, हे पटवून द्यावं लागतंच.

प्रज्ञा: ओंकार, तू उदगीरलाच आहेस ना अजून?

ओंकार: हो ताई, पशुवैद्यकीय महाविद्यालयातच इंटर्नशिप चालू आहे. दोन दिवस घरी आलोय. ब्रुनोचं लसीचं कार्ड आहे का? फोटो टाका. कंपनी सगळ्यात आधी तेच मागते.

प्रज्ञा: शोधते. फ्रीजवर ठेवलं होतं.

राहुल: मी हिशोब मांडतो, बँकेची सवय. लॅब्रेडोर दहा-बारा वर्षं जगतो. ३,९०० तसाच राहिला असं धरलं तरी पुढच्या सात वर्षांत २७,३००. तसा राहणार नाही, वयाबरोबर हप्ता चढतो. आणि म्हातारपणी खरा खर्च सुरू होतो तेव्हा नवीन पॉलिसी कुणी देत नाही. त्यापेक्षा पोस्टात आरडी. महिन्याला ३२५ पडतात, १० च्या पटीत लागतं म्हणून ३३० धरा. पाच वर्षांत १९,८०० मुद्दल, वर व्याज. आजारी पडला नाही तरी पैसे तुमचेच.

अस्मा भाभी, अ-३०३: आणि दुसऱ्याच महिन्यात काही झालं तर? ६६० रुपयांत काय सलाईन लावणार?

राहुल: तो धोका आहेच भाभी.

अस्मा भाभी: आमच्या राणी कुत्रीचं ऑपरेशन झालं ते आठवतंय ना, गर्भाशयात पू झाला होता. रात्री दहाला कळलं, सकाळी ऑपरेशन. ९,००० गेले. बिल म्हणून काय दिलं माहितीये? औषधाच्या खोक्यामागं आकडा लिहून. तो खोका दाखवून कोण पैसे देणार?

ओंकार: भाभी, तो पायोमेट्रा होता. वेळेत नसबंदी झाली असती तर झालाच नसता, तेव्हाही म्हटलं होतं मी. पण बिलाचं अगदी खरं. दाव्याला पक्कं बिल लागतं, लेटरहेडवर निदान लागतं, डॉक्टरांचा राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक लागतो. आपल्याकडं बरेच जण मागितल्याशिवाय देत नाहीत. मागितलं की देतात.

प्रज्ञा: त्या विमावाल्यानं पाठवलेला कागद वाचला. बारीक अक्षरात सात पानं आहेत. मला समजलं ते लिहिते. सुरुवातीचे ३० दिवस आजाराचा दावा नाही. प्रत्येक दाव्यात २० टक्के आपले. आधीपासून असलेला आजार नाही. जन्मजात दोष नाही. दातांचा खर्च नाही. लसीनं टळणारा आजार असेल तर लस वेळेवर दिलेली पाहिजे. आणि ऑपरेशन किंवा २४ तास दाखल असेल तरच खर्च, नुसती ओपीडी हवी तर वेगळा हप्ता.

ओंकार: ताई, शेवटचं वाक्य परत वाचा.

प्रज्ञा: २४ तास दाखल?

ओंकार: हो. ब्रुनोला गोचीडताप झाला तेव्हा किती दिवस दाखल होता?

प्रज्ञा: एकही नाही. रोज सकाळी नेत होतो, दीड तास सलाईन, घरी. पाच दिवस. मग २८ दिवस गोळ्या.

ओंकार: म्हणजे त्या ६,८०० मधला एक रुपयाही या पॉलिसीतून आला नसता. आपल्या गावात कुत्र्याला रात्रभर ठेवून घ्यायची सोय आहे कुठं? टेबलावर सलाईन लावतात, तुम्ही पाय धरून उभे राहता, संपलं की घरी. या पॉलिसी पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांचं बिल डोळ्यापुढं ठेवून लिहिलेल्या असतात. तिथं आयसीयू आहे, एमआरआय आहे. इथं जे मिळतच नाही त्याचा हप्ता तुम्ही भरणार. शिवाय एर्लिकिया, म्हणजे तोच गोचीडताप, नुकताच होऊन गेलाय. तो अंगात दबून राहू शकतो. परत उसळला तर "आधीपासूनचा" म्हणतील.

देशमुख काका: बघ. बांधावरून फोटो.

राहुल: काका, आज तुमचा दिवस आहे.

बिराजदार मामा: गोचिड पार्किंगमधूनच यायलेत. तिथल्या भिंतीच्या भेगा बुजवा म्हनून मी दोनदा बोललो.

कुलकर्णी सर, सचिव: मामा, तो खर्च पुढच्या बैठकीत घेऊ.

बिराजदार मामा: मागच्या बैठकीत बी हेच म्हनलात.

(हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे)

प्रज्ञा: पण ओंकार, आम्ही दर रविवारी औश्याकडं शेतावर जातो. ब्रुनो उसात घुसतो. मला खरी भीती तिथली आहे.

ओंकार: ती भीती रास्त आहे. घोणस चावली तर माणसाला देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही द्यावं लागतं. किती कुप्या लागतील आधी सांगता येत नाही. किडनीवर गेलं तर आठ-दहा दिवस धावपळ, मग पुणे नाहीतर हैदराबाद. तिथं दाखलही होईल, बिलही पक्कं मिळेल, रक्कमही मोठी असेल. विमा उपयोगी पडतो तो अशा वेळी. तुमच्या कागदात ३० दिवसांची अट आजाराला आहे, अपघाताला नाही. सर्पदंश अपघातात धरतात का, ते मात्र लेखी विचारा. फोनवर "हो हो मॅडम" चालणार नाही.

ॲड. माने, क-१०३: उशिरा वाचतोय. सगळे कुत्र्याच्या आजाराचं बोलायलेत, पण कुत्र्यानं दुसऱ्याला केलेल्या इजेचं कुणी काढलं नाही. दिवाळीत ब्रुनोनं दूधवाल्यावर उडी घेतली, कॅन सांडला, गुडघा फुटला. तो माणूस भला म्हणून विषय दोन हजारांत मिटला. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ बघा. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद आणि दंड कंपनी तुमच्या वतीनं भोगत नाही. पण जखमी माणसानं भरपाई मागितली, तर ती "तिसऱ्या पक्षाची जबाबदारी" या भागातून मिळू शकते. मला विचाराल तर अख्ख्या पॉलिसीत तोच भाग घेण्यासारखा आहे.

प्रज्ञा: उडी प्रेमानं घेतली होती हो.

ॲड. माने: कोर्टात ब्रुनोला ते सांगता येणार नाही.

कुलकर्णी सर, सचिव: मग सोसायटीत कुत्रा असणाऱ्या सगळ्यांना असा विमा सक्तीचा करायचा का? ठराव आणू?

ॲड. माने: सर, सक्तीच्या भानगडीत पडू नका. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आधी त्या वाचा.

अस्मा भाभी: आणि आमची राणी गावठी. तिचा काढतात का?

ओंकार: काही कंपन्या देशी कुत्रीही घेतात भाभी. राणीची तर नसबंदीही झाली आता त्या ऑपरेशनमध्ये. माझ्या मते तिला विम्यापेक्षा दर महिन्याला गोचिडाचं औषध द्या.

राहुल: प्रज्ञा, त्या विमावाल्याला विचार ना, फक्त अपघात आणि तिसरा पक्ष एवढंच मिळतं का. आजार काढून टाक. आजाराला आरडी.

प्रज्ञा: थांबा, लावते फोन.

प्रज्ञा: रविवार असून उचलला. आधी "नाही मॅडम, पॅकेजच आहे" म्हणाला. मग पाच मिनिटांनी परत फोन. तेवढंच घेतलं तर १,६०० म्हणतो. सर्पदंश अपघातात धरू असंही म्हणाला. ईमेलवर लिहून पाठव म्हटलं तर जरा गप्प झाला.

देशमुख काका: गप्प झाला तिथंच थांब. लिहून आलं तर भर.

प्रज्ञा: तसंच करते. ईमेल आला तर १,६०० चा घेणार, नाही आला तर नाही. पोस्टात ३३० चं उद्याच सुरू करते, ब्रुनोच्या नावानं वहीत वेगळं पान. एकदम ३,९०० पेक्षा ते बरं वाटतंय. ओंकारनं दाखलचं सांगितलं नसतं तर मी आजच भरून मोकळी झाले असते.

ओंकार: ताई, कार्ड?

प्रज्ञा: अरे हो. फ्रीजवर नव्हतं, गॅसच्या पुस्तकात सापडलं. फोटो टाकते.

प्रज्ञा: (फोटो)

ओंकार: ताई, रेबीजची तारीख बघितली का?

प्रज्ञा: पुढची तारीख १४ लिहिलीय.

ओंकार: महिना बघा.

प्रज्ञा: अगं बाई. दोन महिने होऊन गेले.

ॲड. माने: म्हणजे दूधवाला परवा पडला असता तर कंपनीनं पहिलं हेच कार्ड मागितलं असतं.

ओंकार: उद्या सकाळी घेऊन जा. पोट रिकामं नको. आणि निघताना पक्कं बिल मागा, सवय होऊ द्या.

प्रज्ञा: नऊला जाते. अस्मा भाभी, राणीचं कार्ड बघताय का? एकाच रिक्षात जाऊ.

अस्मा भाभी: राणीचं कार्ड कोण शोधणार! तिलाच घेऊन येते.

कुलकर्णी सर, सचिव: उद्या नऊला टँकर येणार आहे. गेटसमोर रिक्षा उभी करू नये.