शिफ्टवाल्यांचं बायबलवाचन आणि "आमचं काम म्हणजे नुसतं पोटाचं" हा सल

मार्था_भोसरी
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघात १४ जण आहेत. पाच जण एमआयडीसीत शिफ्टला, दोघी परिचारिका, तिघं घरपोच सामान पोचवणारे, बाकीचे हिशेब, दुकान, शिकवणी. १ जानेवारीला सगळ्यांनी "वर्षात पूर्ण बायबल" सुरू केलं. महिना सरता सरता अकरा जणांचं सुटलं, आणि आता तोंड कसं दाखवायचं म्हणून ते प्रार्थनासभेलाही येईनासे झालेत.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. "पाळकसाहेब देवाचं काम करतात, आम्ही पोटाचं" असं ही मुलं सरळ म्हणतात. ग्रुपवर रोज बायबलमधलं वचन लिहिलेलं चित्र पडतं, त्याखाली हात जोडलेली खूण येते आणि तिथंच संपतं. दिवसाला जेमतेम १५ मिनिटं मिळतात असं धरून नेमकं काय करावं?

संडेस्कूल_नगर
मार्थाताई, मुलांना बोल लावू नका, आधी हिशेब बघा. ६६ पुस्तकांचे मिळून ११८९ अध्याय, म्हणजे रोज सव्वातीन. उत्पत्ती गोष्टींच्या ओघात संपतं. २३ जानेवारीच्या सुमारास निर्गमाचा २५वा अध्याय येतो आणि तिथून निवासमंडपाच्या, म्हणजे इस्राएलाच्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, पडदे, कड्या, उथळ्या सुरू होतात. २८ तारखेला लेवीय लागतं. बहुतेकांचं वाचन नेमकं याच आठवड्यात अडतं. त्यातून चार दिवस चुकले की पाचव्या दिवशी सोळा अध्याय अंगावर येतात. कामावरून आलेला माणूस सोळा अध्याय वाचत नाही, तो बायबल मिटून ठेवतो.

म्हणून तारखांचा तक्ता काढून टाका. नियम एकच: वाचनखूण जिथं असेल तिथून पुढं. चुकलेला दिवस भरून काढायचा नाही.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. १६ अध्याय आहेत, रोज वीसेक ओव्या घेतल्या तर पाच आठवड्यांत होतात. १४वा अध्याय ७२ ओव्यांचा आहे, तो चार दिवसांत वाटून घ्या. आधी मोठ्यानं वाचायचं, तीन-चार मिनिटं लागतात. मग तोच भाग मनातल्या मनात. मग वहीत एकच ओळ: इथं येशू कुणाकडे बघतोय आणि काय करतोय? "यात माझ्यासाठी काय आहे" हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारू देऊ नका. तो आधी आला की वाचणारा प्रत्येक पानात स्वतःलाच शोधत बसतो आणि ज्या दिवशी काही सापडत नाही त्या दिवशी वाचन कोरडं गेलं असं धरतो.

आता कामाचं. ज्या भागात मुलं अडली ना, उत्तर त्याच भागात आहे! निर्गम ३१ काढा. सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांच्या कारागिरीसाठी देव बसालेलाला नावानं बोलावतो आणि आपल्या आत्म्यानं भरतो. हा माणूस याजक नाही, संदेष्टा नाही, हातानं काम करणारा आहे. प्रेषित पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर राहुट्या शिवत होता (प्रेषितांची कृत्ये १८). आणि कलस्सै ३:२३, "जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा", जे आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो, ते वरची ओवी वाचली तर गुलामांना उद्देशून आहे. आवडीचं काम निवडायची ज्यांना मुभाच नव्हती, त्यांना पौल सांगतो की तुमचं काम प्रभूकडे पोचतं.

हे रोजच्या वापरात असं आणायचं: काम सुरू करताना एका वाक्याची प्रार्थना, आणि त्यात कामाचं नाव व ते ज्याच्यापर्यंत जाणार तो माणूस. "प्रभू, हा वेल्ड ज्याच्या गाडीत जाणार आहे, तो सुखरूप घरी पोचू दे." "या चौथ्या मजल्यावरच्या आजींना औषध वेळेत मिळू दे." नुसतं "माझं काम आशीर्वादित कर" म्हटलं तर आठ दिवसांत ते तोंडपाठ होतं आणि मन त्यातून निघून जातं.

एक खबरदारी मात्र घ्याच. "प्रभूसाठी करा" हे वचन कुणी ओव्हरटाइम बुडवायला वापरत असेल तर पुढचं पान उलटा. कलस्सै ४:१ मध्ये धन्यांना न्यायानं वागायला सांगितलंय, आणि याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते. पगारपत्रक तपासणं हा अविश्वास नव्हे.

मिरजेची_परिचारिका
रात्रपाळीवाल्यांना "पहाटे प्रभूला भेटा" हे सांगणं आधी बंद करा. त्यांची सकाळ दुपारी दोनला होते. उठल्यावर चहाच्या आधीची दहा मिनिटं, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. ड्यूटी संपवून आल्यावर वाचायला लावू नका, दुसऱ्या ओळीला डोळा लागतो.

रात्रपाळीसाठी स्तोत्र १३४ आहे, फक्त तीन ओव्यांचं. रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या मंदिरात उभे राहणाऱ्या सेवकांसाठीचं. वॉर्डात, गेटवर, मशिनीशी उभं राहणाऱ्यानं ते पाठ करावं. जोडीला १२१: इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. दोन्ही मिळून अकरा ओव्या. फेरी मारता मारता म्हणता येतात.

खचलेल्या मुलाला उपदेश करण्याआधी १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत काय करतो? भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. त्याच्या विश्वासाबद्दल एक शब्द काढत नाही. चाळीस दिवसांच्या चालीनंतर होरेब डोंगर, मग देवाचा तो मंद स्वर, मग तीन ठरावीक कामं आणि तू एकटा नाहीस, सात हजार आहेत, ही खबर. तोच क्रम ठेवा: जेवण, झोप, मग बोलणं, मग एक लहान काम.

आणि झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टर. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे, कॉल फुकट, मराठीत बोलता येतं. जीव द्यायची भाषा कुणी केली तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच रात्री त्याला एकटं न सोडता दवाखान्यात न्या. प्रार्थना वाटेतही करता येते.

वसईची_रोझ
आमच्याकडे जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नाशियसच्या पद्धतीचं रात्रीचं आत्मपरीक्षण चालतं, तुमच्या संघाला सहज जमेल. दहा मिनिटं, पाच टप्पे. आज मिळालेल्या गोष्टींबद्दल आभार, त्याही नावानिशी. मग पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. मग दिवस तासातासानं डोळ्यांपुढून न्यायचा. जिथं चुकलं तिथं क्षमा. शेवटी उद्याचं एकच पाऊल.

बिघडतं ते तिसऱ्या टप्प्यावर. लोक पापांची यादी करायला बसतात आणि जड होऊन झोपतात. तिथं दोन्ही शोधायचं, देवाच्या जवळ कुठं होते आणि कुठं दुरावले. कँटीनमध्ये कुणी जागा सरकवून दिली, तेही त्यात येतं.

इग्नाशियसचा आणखी एक नियम शिफ्टवाल्यांसाठी फार मोलाचा आहे: मन कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. राजीनामा, संघ सोडणं, लग्नाला नकार, काहीही असो. उलट त्या दिवशी प्रार्थनेला ठरल्यापेक्षा थोडा जास्त वेळ बसायचं. निर्णय पुन्हा काढायचाच असेल तर मन शांत असलेल्या दिवशी काढा.

मार्था_भोसरी
मनापासून आभार. एक राहिलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत सगळ्यांना वचनकार्ड, म्हणजे नव्या वर्षासाठी बायबलमधलं एक वचन लिहिलेलं कार्ड, मिळालं. तिघांना यिर्मया २९:११ आलं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असं देव सांगतो ते. त्यातल्या एकाची नोकरी मार्चमध्ये गेली. तो विचारतो, हिताचे संकल्प कुठं गेले?

संडेस्कूल_नगर
त्याच्याशेजारी बसून २९वा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचा. तो अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्याचं पत्र, बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेलं. दहाव्या ओवीत सत्तर वर्षं सांगितलीत, म्हणजे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकर सुटका होईल असं सांगणारा हनन्या आदल्याच अध्यायात खोटा ठरलाय.

पण हे सगळं आजच्या आज त्याला समजावू नका. आज त्याच्याबरोबर स्तोत्र १३ म्हणा, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत "किती वेळ?" हेच पुन्हा पुन्हा. शेवटचा विश्वासाचा भाग त्याच्या तोंडून निघत नसेल तर तेवढा तुम्ही म्हणा, त्यानं नुसतं ऐकावं. तेही जड वाटलं तर ८८वं स्तोत्र आहे, ते अंधारातच संपतं, आणि तरीही बायबलात आहे.

मिरजेची_परिचारिका
वचनाच्या चित्रांबद्दल. पहिल्या मंडळीतल्या बर्णबाच्या नावाचा अर्थ आपल्या बायबलात बोधपुत्र दिलाय. त्यानं केलं काय ते कृत्यांमध्ये शोधा. शेत विकून पैसे दिले (४), सगळे भीत असताना शौलाचा, म्हणजे पुढच्या पौलाचा, हात धरून त्याला प्रेषितांकडे नेलं (९), त्याला शोधायला तार्सापर्यंत गेला (११), अर्ध्यातून परतलेल्या मार्काला पुन्हा सोबत घेतलं (१५). पैसा, शब्द, चाल, दुसरी संधी. नोकरी गेलेल्या त्या मुलासाठी हीच यादी लावा: घरभाड्याला कुणाकडून किती जमतंय, कुठल्या कारखान्यात कोण ओळखीचं, मुलाखतीला कोण सोबत जाईल.

१४ जणांच्या सात जोड्या करा, मात्र मैत्री बघून नको, शिफ्ट बघून करा. दोघांची सुट्टी एका वारी येत नसेल तर जोडी तीन आठवड्यांत मोडते. आठवड्यातून एक फोन, दहा मिनिटं, तीन प्रश्न: काय वाचलंस, कामावर काय जड गेलं, कुणाचं नाव प्रार्थनेत घेऊ? शिफ्टचं वेळापत्रक बदललं की जोड्याही बदला. सुटलेल्या अकरा जणांना पहिला फोन करताना जानेवारीच्या वाचनाचा विषयच काढू नका. "मार्क पहिला अध्याय, रविवारपासून, माझ्याबरोबर" एवढंच.