मेंटॉरशिप गटातल्या मुली बोलत्या कशा करायच्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आठवी ते दहावीच्या मुलींसाठी आम्ही काही जणी मिळून मेंटॉरशिपचा गट चालवतो. एका ताईकडे तीन-चार मुली, आठवड्यातून एक भेट. अभ्यासाचं बरं चाललंय, घोडं अडतं ते पुढेच. "दहावीनंतर काय करायचंय?" असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात आणि उत्तर ठरलेलं, "घरचे म्हणतील ते."

एक मुलगी वहीच्या मागच्या पानांवर स्वतः गणिताची कोडी रचते. अवघड असतात हो, मला दोन सुटली नाहीत! पण गटात सांग म्हटलं की पटकन वही मिटते.

११ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय बालिका दिन असतो (२०१२ पासून साजरा होतो). त्या दिवशी कुणी मोठी पाहुणी बोलवा, असं काही जणींचं म्हणणं. मला फारसं पटत नाही. टाळ्या पडतील, पण घरी वडिलांशी विषय काढायचा कसा, ते कोण सांगणार? त्यापेक्षा दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या कॉलेजातल्या मुलींना जोडून द्यावं असं वाटतं.

कुणी हे केलंय का? त्या मुलींची आधी काय तयारी करून घेतलीत? पालकांना कधी सामील केलंत, सुरुवातीलाच की नंतर? आणि मुलींचा स्वतःचा फोन नसतो, मेसेज आधी भाऊच वाचतो, तर दोन भेटींच्या मधे संपर्क कसा ठेवता? पुस्तकी सल्ला नको, प्रत्यक्ष जमलेलं सांगा. फसलेलंही चालेल.