शब्दचर्चा : ‘पहिल्या राज्यसभेत निवडून आलेले खासदार’

सातारकर
जिल्ह्यातल्या जुन्या नामवंतांची छोटी पुस्तिका निघतेय आणि मुद्रितं तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. गांधीवादी लेखक काकासाहेब कालेलकरांचा जन्म साताऱ्याचा, त्यामुळे त्यांची नोंद आहेच. तिच्यातलं एक वाक्य : ‘पहिल्या राज्यसभेत निवडून आलेले खासदार (1952–1958).’ यात काहीतरी खटकतंय. ‘राज्यसभेत’ हवं की ‘राज्यसभेवर’? एवढंच विचारायचं होतं.

कात्रणवाला
एवढंच नाही हो. पाच शब्दांत आणखी तीन भानगडी आहेत, आणि तुम्ही विचारलीत ती सगळ्यात किरकोळ.

पहिली म्हणजे कालेलकर निवडून आलेच नव्हते. 1952 साली या सभागृहात 216 सदस्य होते. त्यातले 204 राज्यांतून निवडलेले आणि 12 राष्ट्रपतींनी नेमलेले. कालेलकर त्या बारांतले. त्यांच्याबरोबर झाकिर हुसेन, सत्येंद्रनाथ बोस, मैथिलीशरण गुप्त, पृथ्वीराज कपूर, रुक्मिणीदेवी अरुंडेल अशी मंडळी होती.

दुसरी, ‘पहिल्या’. लोकसभा पहिली, दुसरी, तिसरी असते, कारण ती विसर्जित होते आणि नवी येते. राज्यसभा विसर्जित होत नाही. 3 एप्रिल 1952 ला तिची रचना झाली, 13 मेला पहिली बैठक बसली, आणि तीच सभा आजतागायत चालू आहे. माणसं बदलतात, सभा तीच. ‘पहिली बैठक’ म्हणा, ‘पहिले सदस्य’ म्हणा, पण ‘पहिली राज्यसभा’ म्हटलं की दुसरी कुठे आहे ते दाखवावं लागेल.

तिसरी भानगड नावाची. 1952 मध्ये तिला कोणी राज्यसभा म्हणत नव्हतं. इंग्रजीत ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’, हिंदीत ‘राज्य परिषद’. ‘राज्यसभा’ हे नाव सभापती राधाकृष्णन यांनी सभागृहात जाहीर केलं ते 23 ऑगस्ट 1954 ला. अर्थात या तिसऱ्या मुद्द्यावर मी अडून बसणार नाही. मुंबईबद्दल 1952 चं काही लिहितानाही आपण बॉम्बे लिहीत नाही.

वैदर्भीय
नावाच्या बाबतीत आणखी एक खड्डा आहे. इंग्रजी अमदानीत दिल्लीत ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ होती, 1921 पासून. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तिचे सदस्य होते. ती वेगळी, 1952 ची वेगळी. फरक शेवटच्या एका ‘स’चा, आणि मराठीत लिहिताना तोच नेमका गळतो. हृदयनाथ कुंझरूंसारखे लोक दोन्हीकडे होते, त्यामुळे चरित्रनोंदींत दोन्हींची खिचडी होते.

पण मला एक कळत नाही. राज्यसभेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची. मग पृथ्वीराज कपूर ‘1952–54’ आणि रुक्मिणीदेवी ‘1952–56’ असं का दिसतं? राजीनामे दिले की काय?

कात्रणवाला
नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्यांची मुदत संपली पाहिजे, अशी घटनेतली व्यवस्था. पण पहिल्या खेपेला सगळे एकाच दिवशी आत आलेले. मग आधी बाहेर कोणी जायचं? चिठ्ठ्या टाकल्या. काहींच्या वाट्याला दोन वर्षं, काहींना चार, काहींना पूर्ण सहा. कालेलकरांना सहा मिळाली, म्हणून तुमच्या नोंदीतलं ‘1952–1958’ बरोबर आहे (आणि पुढे 1964 पर्यंत ते होतेच). कपूरना दोन मिळाली, पण 1954 ला राष्ट्रपतींनी पुन्हा नेमलं.

इथे ‘निवृत्त’ या शब्दाने घोळ होतो. घटनेच्या भाषेत हे सदस्य ‘निवृत्त’ होतात. आपल्या कानाला निवृत्त म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ घेऊन घरी जाणारा माणूस. सत्तेचाळीस वर्षांच्या पृथ्वीराज कपूरबद्दल ‘निवृत्त झाले’ लिहिलं तर वाचक गोंधळेल. ‘मुदत संपली’ हे साधं आणि अचूक.

सातारकर
अरे बापरे. बरं, मग ‘निवडून आलेले’च्या जागी काय? नामनिर्देशित? नियुक्त? आमच्या लेखकाने दुसऱ्या एका नोंदीत ‘नामांकित सदस्य’ असंही ठोकून दिलंय.

कात्रणवाला
‘नामांकित’ मात्र हातासरशी काढा. मराठीत नामांकित म्हणजे प्रसिद्ध, नावाजलेला. नामांकित वकील, नामांकित पैलवान. हिंदीतला अर्थ वेगळा आहे, तो तिकडून इकडे घरंगळत आलाय. गंमत म्हणजे त्या बारांच्या बाबतीत मराठी अर्थही लागू पडतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही!

राज्यघटनेच्या मराठी प्रतीत ‘नामनिर्देशित’ आहे. कायद्याचं लिहिताना तोच वापरावा. पण माझी त्याच्याबद्दल तक्रार आहे. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार जो अर्ज भरतो, तेही ‘नामनिर्देशनपत्र’. म्हणजे एकाच शब्दाची एक बाजू निवडणूक लढवणाऱ्याची आणि दुसरी निवडणूक न लढवताच आत जाणाऱ्याची. सामान्य वाचकाने काय समजायचं? वर्तमानपत्रांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय : ‘राष्ट्रपतिनियुक्त’. विधान परिषदेत ‘राज्यपालनियुक्त आमदार’ आपण रोज वाचतो, त्याच्याच जोडीचा. कोणी नेमलं तेही त्यातच येतं.

वैदर्भीय
पालिकेत ‘स्वीकृत’ असतो तो तिसराच. स्वीकृत नगरसेवक चालतो, स्वीकृत खासदार कधी ऐकला नाही.

ओसरीवरून
मूळ प्रश्न राहिलाच की. ‘राज्यसभेवर’ आणि ‘राज्यसभेत’ दोन्ही बरोबर, फक्त जागा वेगळ्या. निवड, नेमणूक, पाठवणं यांना ‘वर’ : समितीवर नेमलं, मंडळावर घेतलं, राज्यसभेवर पाठवलं. एकदा पोचल्यावर जे काही घडतं त्याला ‘त’ : राज्यसभेत बोलले, राज्यसभेत बसले. ‘राज्यसभेवर भाषण केलं’ म्हणालात तर भाषणाचा विषयच राज्यसभा होईल.

आणि ‘वर्णी लागली’ कसं विसरलात? अनुष्ठानाला ब्राह्मण नेमायचा तर त्याला वर्णी देत. पूजा यजमानाची, जप करणारा दुसरा, दक्षिणा ठरलेली. राज्यसभेसाठी हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करते. पुस्तिकेत घालू नका मात्र.

वैदर्भीय
‘महाराष्ट्रातून निवडून गेले’ हेही 1952 बद्दल लिहू नका. तेव्हा मुंबई राज्य, 17 जागा. विदर्भ मध्य प्रदेशात, त्याच्या 12. मराठवाडा हैदराबादेत, 11. डॉ. आंबेडकर लोकसभेला उत्तर मुंबईतून हरले आणि त्याच वर्षी राज्यसभेवर गेले ते मुंबई राज्यातून. आमच्या नागपुरात तेव्हा पारिभाषिक शब्दांचा कारखाना चालवणारे कोशकार डॉ. रघुवीर मध्य प्रदेशातून गेले. घरी बसून शब्द घडवणारा माणूस त्या सभागृहात होता, आणि आपण सत्तर वर्षांनी इथे त्याच शब्दांवर भांडतोय.

सातारकर
शेवटचा त्रास. राज्यांतून निवडून गेलेल्या सदस्यांसाठी झाली ती निवडणूक नेमकी कसली? लेखकाने एका ठिकाणी ‘एकल संक्रमणीय मतदान’ लिहिलंय. ‘संक्रमण’ वाचून मला ताप आल्यासारखं झालं.

कात्रणवाला
शब्द अधिकृत आहे, पण पुस्तिकेत ‘पसंतीक्रमाचं मतदान’ लिहा. मतदार म्हणजे विधानसभेचे निवडून आलेले आमदार. ते उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे घालतात. मुंबई विधानसभेत 315 जागा होत्या आणि राज्यसभेवर 17 जण पाठवायचे. सगळ्यांनी मत दिलं असं धरून 315 ला 18 ने भागा, साडेसतरा येतात. म्हणजे पहिल्या पसंतीची अठराएक मतं मिळाली की माणूस दिल्लीला गेला. गरजेपेक्षा जास्त पडलेली मतं मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे सरकतात. त्या सरकण्याला ‘संक्रमण’ म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही.

सातारकर
वाक्य असं केलंय : ‘1952 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. राष्ट्रपतीनियुक्त पहिल्या बारा सदस्यांपैकी ते एक होत.’ चालेल?

ओसरीवरून
चालेल. फक्त ‘राष्ट्रपतिनियुक्त’, ति ऱ्हस्व. सुटा लिहिला की ‘राष्ट्रपती’ दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व. ‘खासदार’ काढलात ते बरं केलंत. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात खासदार म्हणजे घोड्याची निगा राखणारा.