मुलींना वेबसाइट शिकवतेय. मराठीची प्रश्नचिन्हं का होतात?

गोदाकाठ:
शनिवारची सकाळची शाळा सुटली की गावच्या हायस्कुलात आठवी-नववीच्या मुलींना एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) शिकवते, हौसेने. लॅबमध्ये विंडोज ७, नेट नाही. नोटपॅड आणि ब्राउझरवर भागतं. परवा पोरींनी शेंगोळ्यांची कृती टाइप केली, फाइल बंद करून उघडली तर सगळी प्रश्नचिन्हं! एकीला रडूच आलं. शिवाय एका मशीनवर तिघी, आणि जिला येतं ती कीबोर्ड सोडत नाही. काय करू?

जुना_खिळा:
प्रश्नचिन्हं आली म्हणजे अक्षरं सेव्ह होतानाच गेली. ती परत मिळत नाहीत. जुनं नोटपॅड आपणहून एएनएसआय (अक्षरं साठवायची जुनी पद्धत) धरतं, त्यात देवनागरी मावत नाही. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये देवनागरी मावणारं यूटीएफ-८ च असतं, म्हणून तुमच्या घरी हे दिसलं नसेल. 'सेव्ह ॲज'मध्ये खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, तेही फाइल रिकामी असतानाच. पानाच्या कोडच्या वरच्या भागात, हेडमध्ये, मेटा चारसेटची म्हणजे ब्राउझरला एन्कोडिंग सांगणारी ओळ हवीच. ती राहिली तर प्रश्नचिन्हांऐवजी भलत्याच रोमन अक्षरांची माळ दिसू शकते. दोन्ही घोटाळे मुद्दाम करून दाखवा, पोरी खूश होतात.

शनिवारवाडीण:
जिला येतं तिने फक्त बोलायचं, हात पाठीमागे. टाइप दुसरी करेल. चिडते सुरुवातीला, चिडू द्या.
सीएसएसला (पानाच्या सजावटीला) आलात की मराठीला लेटर-स्पेसिंग (अक्षरांत जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट १.६ तरी ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते. इंग्रजी व्हिडिओवाले हे कशाला सांगतील!

गोदाकाठ:
हात पाठीमागे! करून बघते. आता त्यांना हे नेटवर टाकायचंय. गिटहबवर (वेबपानं ठेवता येतात ती साइट) प्रत्येकीचं खातं काढू का?

जुना_खिळा:
गिटहबला १३ वर्षं पूर्ण लागतात, आठवीतल्या काही जणी अडतील. तुमच्याच खात्यावरून टाका, पण घरच्यांना विचारून. पानावर आडनाव, शाळा, फोटो काही नको. पाककृती असेल तर आजीचं नावही जपून.

गोदाकाठ:
हेडसर म्हणतात मुलींचा फोटो हवाच, पेपरला बातमी द्यायचीय.

शनिवारवाडीण:
मग हेडसरांचाच द्या.